दिवे मुंबईचे, टोपी पुण्याची

2025 चा फेब्रुवारी. थळच्या बंदरावर होड्या लागल्या होत्या, बायका टोपल्या घेऊन खाली उतरल्या होत्या आणि मी जाळ्यांच्या ढिगावर बसून मोबाइलवर रणजीची उपांत्य फेरी बघत होतो. गुजरात विरुद्ध केरळ, अहमदाबाद, पाचवा दिवस. केरळच्या 457 धावा. गुजरातचे नऊ गडी बाद आणि धावा 455. आणखी तीन झाल्या की पहिल्या डावाची आघाडी त्यांची, म्हणजे अंतिम फेरीही त्यांची. नागवासवालाने जीव खाऊन फटका मारला. चेंडू शॉर्ट लेगला वाकलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आपटून वर उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या ओंजळीत पडला. गोलंदाज कोण, तर आदित्य सरवटे, आपला नागपूरचा, त्या मोसमात केरळकडून खेळणारा. मी एवढ्या जोरात ओरडलो की टोपलीवाल्या दोघी दचकून माझ्याकडे बघायला लागल्या.

भाच्याचा मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. वय बारा, खिशात टेनिस बॉल, पायाला ओली पुळण.

"आजा, कोन जिकला?"

"कोनीच नाय. मॅच ड्रॉ होणार आता."

"मंग ते नाचतान कनाला?"

मी समजावायला बसलो. साखळीत चार दिवस, बाद फेरीत पाच. दोघांना दोन-दोन डाव. दिवस संपले आणि निकाल लागला नाही, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो पुढे. केरळ दोन धावांनी पुढे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अंतिम फेरीत, म्हणून नाच. पोराने अर्ध्यापर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आठ ओव्हरची नाय का ही?" आणि पळाला.

त्याला मी नावं ठेवत नाही. त्याने असा सामना डोळ्यांनी पाहिलेलाच नाही. त्याच्या बापाने नाही, आणि खरं सांगायचं तर वयाच्या अठरापर्यंत मीही नाही.

मुंबईच्या पेपरांत रणजीवर चर्चा होते ती मोठे खेळाडू खेळतात की नाही यावर. 2025 च्या जानेवारीत रोहित शर्मा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध उतरला. 42 वेळा करंडक जिंकलेली मुंबई तो सामना पाच गडी राखून हरली, पण बोलणं झालं ते रोहितच्या धावांचं. आठवड्याने दिल्लीत विराट कोहली रेल्वेविरुद्ध खेळला. हजारो माणसं पहाटेपासून रांगेत. दुसऱ्या दिवशी हिमांशू सांगवानने त्याचा त्रिफळा उडवला, सहा धावांवर, आणि बघता बघता स्टँड रिकामा झाला. त्यावरून बऱ्याच जणांनी लिहिलं की दिग्गज उतरले तर रणजी जगेल. मला त्यातून उलटंच दिसलं. ती माणसं रणजीला आलीच नव्हती. पालखी गेल्यावर रस्त्यावर कोण थांबतो?

थांबतो तो, ज्याच्या गावातून पालखी निघते. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मला थळमध्ये बसून मांडायचं आहे.

आमच्या किनाऱ्यावरून रात्री उत्तरेला बघितलं की मुंबईचे दिवे दिसतात. समोर खांदेरीचं दीपगृह, शेजारी उंदेरी, आणि त्यापलीकडे पाण्यावर उजेडाची पट्टी. सरळ रेषेत कुलाबा पंचवीस किलोमीटरच्या आत-बाहेर असेल. आमच्या जिल्ह्याचं नावच 1981 पर्यंत कुलाबा होतं. पण क्रिकेटच्या नकाशात आम्ही मुंबईचे नाही. रायगड जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे पुण्याकडे. चर्चगेटपासून साठ किलोमीटरवरच्या विरारचा पोरगा मुंबईचा. त्याहून लांब पालघरचा शार्दूल ठाकूर मुंबईचा. आणि जो रोज झोपताना मुंबईचे दिवे बघतो तो महाराष्ट्राचा.

यात कुणाचा कट नाही. रणजी सुरू झाली 1934-35 मध्ये. ज्यांच्या नावाने सुरू झाली ते रणजितसिंहजी तोवर वारले होते. त्या पहिल्या मोसमातच मुंबई आणि महाराष्ट्र हे दोन वेगळे संघ होते. महाराष्ट्र राज्य झालं 1960 ला. म्हणजे महाराष्ट्राचा संघ महाराष्ट्र राज्यापेक्षा पंचवीस वर्षांनी थोरला. पुढे नागपूरकडचा विदर्भ आला आणि एका राज्याचे तीन संघ झाले. या तिघांतली रेघ जुनी आहे. आमच्या बाजूला ती पाण्यावर ओढलेली आहे.

1971 चा अंतिम सामना मला आठवतो. आठवतो म्हणजे घरातलं भांडण आठवतं. ब्रेबॉर्नवर मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर सगळे वेस्ट इंडिजला. मुंबईचा कप्तान सुधीर नाईक. मी अकरा वर्षांचा. अलिबागहून पेपर यायचा तो आमच्याकडे दुपारनंतर पोचायचा. आज्याने विचारलं, यातले आपले कोण? बाप म्हणाला, "मुंबईवाले आपले. मासली कुठे जाते? पुन्याला जाते का?" शेजारी शाळेतले गुरुजी बसले होते. ते म्हणाले, "नाही हो, आपला जिल्हा पुण्याला जोडलेला. आपले ते महाराष्ट्रवाले." बापाला ते अखेरपर्यंत पटलं नाही. मुंबई 48 धावांनी जिंकली आणि आमच्या घरात अर्धे जिंकले, अर्धे हरले. आज्याने तेवढ्यावर समाधान मानलं.

मी यष्टिरक्षक होतो. आमच्याकडे म्हणायचे "मागे उभा राहतो तो." पेणला जन्मलेले चंद्रकांत पाटणकर 1955-56 च्या मोसमात न्यूझीलंडविरुद्ध कलकत्त्याला कसोटी खेळले, एकच, आणि तेही यष्टींमागे. आमच्या मास्तरांना हे तोंडपाठ. प्रत्येक कीपरला ते एकदा तरी ऐकवायचेच. पाटणकर रणजी खेळले ते मुंबईकडून, हे मात्र ते सांगत नसत.

अठराव्या वर्षी मला पुण्याला निवड चाचणीसाठी बोलावणं आलं. रात्रीची एसटी. पेण, खोपोली, घाट. पिशवीत ग्लोव्हज, आणि आईने दिलेल्या भाकऱ्या आणि सुका जवळा, ज्याच्या वासाने शेजारचा प्रवासी जागा सोडून गेला. सकाळी मैदानावर पोचलो आणि जन्मात पहिल्यांदा टर्फची खेळपट्टी बघितली. तोपर्यंत मी काथ्याच्या मॅटवर उभा राहिलेला, किंवा ओहोटीच्या पुळणीवर. मॅटवर चेंडू कमरेपर्यंत येतो, हा पोटरीशी आला. पहिल्या षटकात दोन बाय, दुसऱ्यात एक झेल सुटला. एका साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. घाट चढायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या दहाव्या हिश्श्यातही माझं क्रिकेट संपलं होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी मी खरोखरच भिकार कीपिंग केलं. फक्त एवढंच, की त्या पोटरीशी येणाऱ्या चेंडूची ओळख मला महिनाभर आधी माझ्या जिल्ह्यात झाली असती, तर निदान माझ्या खऱ्या लायकीवर तरी मला परत पाठवलं असतं.

पुढे 1985 ला थळचा खत कारखाना सुरू झाला, शिफ्टची नोकरी लागली. सुट्टीच्या दिवशी जिल्ह्यातल्या सामन्यांचं गुणलेखन करायला लागलो, ते आजतागायत.

आता पोरं काय खेळतात ते बघा. दिवाळी सरली की मेपर्यंत आमच्या पट्ट्यात एक रविवार रिकामा जात नाही. शेताडीत रोलर फिरवून, चुना आखून, मंडप घालून टेनिस बॉलचे चषक. आठ ओव्हर, सहा ओव्हर. डीजे, मोबाइलवर थेट प्रक्षेपण, आगरी-कोळी ठसक्यातलं समालोचन. मालिकावीराला दुचाकी, कुठे फ्रिज, कुठे बोकड. चांगल्या खेळणाऱ्याला दुसऱ्या गावचा संघ पैसे देऊन नेतो. मला यात तिरस्कार वाटावा असं काही नाही. एवढ्या खडबडीत जमिनीवर, एवढ्या हलक्या चेंडूने यॉर्कर टाकणारी पोरं मी बघितली आहेत. 2024 पासून टेनिस बॉलची मोठी लीगही निघाली, ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर तिचा पहिला मोसम झाला.

आणि टेनिस बॉल म्हणजे पुढचा रस्ता बंद, असंही नाही. उमेश यादव बघा. नागपूरजवळच्या वलनीत कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा मुलगा. एकोणीस-वीस वर्षांचा होईपर्यंत टेनिस बॉलनेच टाकायचा. विदर्भाने त्याच्या हातात लेदर बॉल दिला, 2008 ला रणजीत उतरवला आणि तो भारताकडून कसोटी खेळला. आमच्याकडे तसा वेग नाही? आहे. माझ्या भाच्याकडे होता. डावखुरा, धावत आला की पुळण उडायची. त्याला मी जिल्ह्याच्या संघात घालायला गेलो. पहिला प्रश्न त्याच्या आईने विचारला, माझ्याच बहिणीने: चार दिवस खेळून मिळतं काय?

तेव्हा माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. आता आहे. 2021 मध्ये बीसीसीआयने मानधन वाढवलं. वीसपर्यंत सामने खेळलेल्या नवख्यालाही अंतिम अकरात असला तर दिवसाला 40,000 रुपये. चार दिवसांचे 1,60,000. साखळीचे सात सामने धरले तर मोसमाचे 11,20,000. चाळीसच्या वर सामने झाले की दिवसाला 60,000. आमच्या गावात हा आकडा सांगितला की लोक हसतात, त्यांना वाटतं मी आयपीएलचं बोलतोय. बोकडाचं बक्षीस सगळ्यांना माहीत, कारण तो बोकड मंडपाच्या खांबाला बांधलेला सगळ्यांनी बघितलेला असतो.

तेच मी म्हणतोय. जे दिसतं त्यामागे पोरं धावतात.

महाराष्ट्राचा संघ म्हणजे काही ऐरागैरा संघ नाही. देवधरांच्या कप्तानीत 1939-40 आणि 1940-41 असे लागोपाठ दोन करंडक. पहिल्याच्या वेळी देवधर 48 वर्षांचे. 1948 च्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद 443 वर होते, ब्रॅडमनच्या 452 ला नऊ कमी, आणि समोरच्या कप्तानाने सामनाच सोडून दिला. रणजीतला तो आकडा अजून कुणी ओलांडलेला नाही. त्याच मोसमात पुण्यातच मुंबईविरुद्ध सात दिवसांत दोन्ही संघांच्या मिळून 2376 धावा झाल्या, तोही जगातला विक्रम, अजून उभा. 2014 च्या जानेवारीत केदार जाधव आणि विजय झोलने मुंबईला वानखेडेवर आठ गडी राखून हरवलं तेव्हा मी कारखान्याच्या कँटीनमध्ये सर्वांना चहा पाजला. अर्ध्या जणांनी तो तोंड वाकडं करून प्यायला, कारण ते मुंबईवाले. 2016 मध्ये सगळे सामने तिऱ्हाईत मैदानांवर ठेवले होते, तेव्हा स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणेने 594 धावांची अभेद्य भागीदारी केली, तीही वानखेडेवरच, दिल्लीविरुद्ध. बघायला किती जण असतील, बोटं पुरली असती.

पण 1941 नंतर करंडक नाही. ऐंशीहून जास्त वर्षं. तिन्ही भावंडांत सर्वांत जास्त जिल्हे याच संघाकडे: कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, मराठवाडा. विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असे आठ मोसमांत तीन नेले. शेवटच्या त्या मोसमात हर्ष दुबेने 69 बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. विदर्भाकडे काय समुद्र आहे का जादूचा? त्यांनी आपल्या हद्दीतल्या पोरांना शोधलं, ठेवून घेतलं, शिकवलं. अंतिम सामना नागपुरातच झाला, केरळविरुद्ध, तोही अनिर्णित, आणि पहिल्या डावातल्या 37 धावांवर करंडक त्यांचा. नागपूरच्या बारा वर्षांच्या पोराला विचारा, ते का नाचत होते. त्याला ठाऊक असणार.

मग रायगड मुंबईला जोडा, असं काही जण म्हणतात. माझ्या बापाचीच मागणी ती. मला ती पटत नाही. मुंबईची रांग आधीच मैदानाच्या तीन फेऱ्या घालून उभी आहे, तिच्या शेपटाला थळचं पोरगं उभं करून काय मिळणार? शिवाय वारा उलटाही वाहतो. विरारचा पृथ्वी शॉ 2025 मध्ये मुंबईकडून ना हरकत घेऊन महाराष्ट्राकडे आला आणि ऑक्टोबरात चंदीगडविरुद्ध द्विशतक ठोकलं. नाववाल्यांना एका कागदावर हद्द ओलांडता येते. आमची पोरं ती ओलांडतात मामाकडे, मावशीकडे राहायला जाऊन, दहा बाय दहाच्या खोलीत सातवा माणूस होऊन. त्यातली किती परत येतात ते मी मोजायचं सोडून दिलं आहे.

तेव्हा मागणी पुण्याकडे. आम्ही तुमचे आहोत ना? मग या खाली.

2024 च्या सुरुवातीला महाराष्ट्राने सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर रणजीचा सामना खेळला, सौराष्ट्रासारख्या संघाविरुद्ध. 2025 च्या जानेवारीत नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर बडोद्याला हरवलं. म्हणजे पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानाबाहेर रणजी नेता येते, नेली जाते. तशी एक कोकणात आणा. एकदम रणजी झेपत नसेल तर आधी एकोणीस वर्षांखालचे, तेवीस वर्षांखालचे सामने आणा. पण बहुदिवसीय, पांढऱ्या कपड्यांतले, लाल चेंडूचे. वीस ओव्हरची हौस आमची आम्ही भागवतो. आणि निवड चाचणीचे दोन दिवस जिल्ह्यात घ्या, निवडणाऱ्यांनी घाट उतरावा. ते चार जण असतात, पोरं चारशे.

अडचणी मला माहीत आहेत. खेळपट्टीला चिकट माती बाहेरून आणावी लागेल, आमच्या वाळूत चेंडू उसळणार नाही. पाऊस ऑक्टोबरातही दगा देतो, म्हणजे सामना जानेवारीतला घ्यावा लागेल. ड्रेसिंग रूम, कॅमेऱ्याचे मचाण, बोर्डाचे निकष, तपासणी. एक टर्फ करणं आणि वर्षभर राखणं हे खर्चाचं काम आहे. पण खोल्या नाहीत ही सबब सांगू नका. शनिवारी मांडव्याला रो-रोतून उतरणाऱ्या गाड्यांची रांग बघा. ती सगळी माणसं कुठेतरी झोपतातच. थळ ते किहीम या पट्ट्यातल्या बंगल्यांच्या हिरवळीला जेवढं पाणी पडतं तेवढ्यात चार खेळपट्ट्या जगतील. 2025 ला खांदेरी युनेस्कोच्या यादीत गेली तेव्हापासून जो तो आम्हाला जगाच्या नकाशावर आणल्याचं सांगतो. आम्हाला आधी पुण्याच्या नकाशावर दिसायचं आहे.

आणि प्रेक्षक? मंगळवारी दुपारी कोण येणार, असं विचारतील. मंगळवारी शाळेला सोडा. दोन दिवस सातवी-आठवीच्या पोरांना सीमारेषेशी बसवा, खाली, खुर्चीवर नाही. दोन स्लिप, एक गली, आणि ऑफ स्टंपच्या बाहेरचे वीस चेंडू सोडून देणारा माणूस त्यांना बघू द्या. पहिला तास कंटाळतील. माझी पैज आहे, तिसऱ्या तासाला एक तरी पोरगं विचारेल की तो मारत का नाही. तिथून पुढचं काम त्या फलंदाजाचं.

भाच्याच्या मुलाचं सांगायचं राहिलं. नागपूरच्या अंतिम सामन्यानंतरच्या रविवारी पुळणीवर आरडाओरड ऐकू आली म्हणून गेलो. पोरांनी आठ ओव्हरऐवजी दोन-दोन डाव लावले होते. दुसऱ्या डावात पाणी चढलं, स्टंप वाहून गेले, आणि सामना अर्धा राहिला. त्यावर हा सांगत होता की ड्रॉ झाली तरी आघाडी आमची. समोरचे म्हणत होते, आघाडी आमची. आकडा दोघांकडेही नव्हता, स्कोअर कुणी लिहिलाच नव्हता.

आता रविवारी ओहोटीची वेळ बघून मीच वही घेऊन जातो.